युद्धानंतरची आखीव उपनगरं: लेव्हिटाउनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उभ्या राहिलेल्या आखीव उपनगरांविषयी वाचक सतत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी, गृहकर्जाचा इतिहास धुंडाळणारे आणि अमेरिकेत अशाच वसाहतींत राहणारे मराठी वाचक यांचे प्रश्न यात जास्त आहेत. बहुतेक प्रश्न न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनकडे वळतात, म्हणून उत्तरांच्या केंद्रस्थानी तेच आहे.

१. लेव्हिटाउन म्हणजे नेमकं काय, आणि ते कुठे आहे?

न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर, मॅनहॅटनच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर नॅसॉ काउंटी आहे. तिथे 'लेव्हिट अँड सन्स' या एकाच कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरांची वसाहत उभी केली. तेच हे लेव्हिटाउन. जागेचं जुनं नाव आयलंड ट्रीज. आधी तिथे बटाट्याची शेती होती. १९४१ मध्ये या भागात बटाट्याच्या मुळांवरचा सूत्रकृमी सापडला, पीक बिघडू लागलं आणि शेतकरी जमीन विकायला तयार झाले. स्वस्त, सपाट, मोकळी आणि सलग जमीन मिळाली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

२. लेव्हिटाउन एकच आहे की बरीच? गुगलवर वेगवेगळी राज्यं दिसतात.

बरीच आहेत. पहिलं न्यूयॉर्कचं. दुसरं पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत, १९५२ ते १९५८ दरम्यान बांधलेलं. तिथे १७,३११ घरं आहेत. यूएस स्टीलचा फेअरलेस कारखाना जवळच उभा राहिल्यामुळे ती जागा निवडली गेली. तिसरं न्यू जर्सीत १९५८ मध्ये सुरू झालं. तिथल्या गावाचं नाव विलिंगबरो होतं, ते बदलून लेव्हिटाउन करण्यात आलं आणि १९६३ मध्ये रहिवाशांनी पुन्हा विलिंगबरो हेच नाव घेतलं. चौथं पोर्तो रिकोत आहे. या पानावर नुसतं 'लेव्हिटाउन' म्हटलं असेल तर ते न्यूयॉर्कचं समजावं.

३. युद्ध तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर झालंच नाही. मग घरांची टंचाई कशी झाली?

बॉम्बने घरं पडली नव्हती. ती पंधरा-सोळा वर्षं पुरेशी बांधलीच गेली नव्हती. १९२९ च्या मंदीने बांधकाम बसलं. ते सावरतंय तोवर युद्ध आलं आणि लाकूड, तांबं, पोलाद, मजूर सगळं तिकडे वळलं. १९४४ मध्ये देशभरात एका कुटुंबासाठीची जेमतेम १,१४,००० नवी घरं सुरू झाली. युद्ध संपल्यावर दीड वर्षात लाखो सैनिक परतले, लग्नं झाली, मुलं झाली. तरुण जोडपी आईवडिलांच्या घरात, तळघरात, लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकींत राहत होती. शिकागोत जुन्या ट्रामगाड्यांचे २५० डबे राहण्यासाठी विकले गेले.

मागणी एका रात्रीत आलेली नव्हती, साचलेली होती. त्यामुळे वर्षभरात सुरू होणाऱ्या अशा नव्या घरांचा आकडा १९४६ मध्ये ९,३७,००० वर आणि १९५० मध्ये जवळपास १७ लाखांवर गेला.

४. लेव्हिट म्हणजे कोण? एकच माणूस की कंपनी?

वडील आणि दोन मुलगे. वडील एब्राहम लेव्हिट वकील होते. वसाहतीतली झाडं, हिरवळ, बागा हे त्यांचं खातं. धाकटा आल्फ्रेड घरांचे नकाशे करायचा. थोरला विल्यम धंदा, कर्जं, खरेदी आणि विक्री पाहायचा, आणि प्रसिद्धी त्यालाच मिळाली. जुलै १९५० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो होता. युद्धात तो नौदलाच्या बांधकाम दलात, म्हणजे सीबीजमध्ये होता.

कंपनी १९२९ पासून लाँग आयलंडवर सुखवस्तू कुटुंबांसाठी घरं बांधत होती. तिची दिशा बदलली ती व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये. युद्धकाळात नौदलाच्या कामगारांसाठी हजारांच्या संख्येत घरं कमी वेळात देण्याचं सरकारी कंत्राट मिळालं. सुरुवातीला काम रखडलं. मग कंपनीने घर बांधण्याच्या कामाचे लहान लहान तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी टोळी नेमली. लेव्हिटाउनची पद्धत तिथे घडली (प्रश्न ९ पाहा).

५. नुकत्याच सैन्यातून सुटलेल्या, शिल्लक नसलेल्या माणसाला घर परवडलं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर कर्जाच्या कागदात आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९३४ पूर्वी अमेरिकेत घराचं तारणकर्ज साधारण असं असे: किमतीच्या निम्मी रक्कम आधी भरायची आणि उरलेली तीन ते पाच, फार तर दहा वर्षांत फेडायची. अनेक कर्जांत दरमहा फक्त व्याज जायचं आणि मुदत संपली की सगळं मुद्दल एकदम द्यायचं. त्या दिवशी बँकेने नवं कर्ज नाकारलं की घर गेलं. मंदीत लाखो घरं अशीच गेली.

१९३४ च्या कायद्याने संघीय गृहनिर्माण प्रशासन, म्हणजे एफएचए, आलं. एफएचए स्वतः कर्ज देत नव्हतं. ऋणको बुडाला तर बँकेचं नुकसान भरून देण्याचा विमा देत होतं. धोका सरकारने घेतल्यामुळे बँका किमतीच्या ८० टक्के, पुढे ९० टक्के कर्ज द्यायला आणि मुदत वीस, पंचवीस, तीस वर्षांपर्यंत वाढवायला तयार झाल्या. दरमहा समान हप्ता, त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही, ही आज आपल्या ओळखीची रीत तिथे सर्वमान्य झाली.

त्यावर २२ जून १९४४ चा 'जीआय बिल', म्हणजे माजी सैनिकांना सवलती देणारा कायदा, आला. माजी सैनिकांच्या गृहकर्जाच्या ५० टक्क्यांपर्यंत रकमेची हमी माजी सैनिक प्रशासन देऊ लागलं. हमीची मर्यादा आधी २,००० डॉलर होती, १९४५ च्या शेवटी ती ४,००० झाली. व्याज ४ टक्क्यांहून जास्त लावायला मनाई होती. हमी इतकी भक्कम होती की बँका आगाऊ रक्कमच मागेनात.

फरक आकड्यांत पाहू. लेव्हिटाउनचं १९४९ चं घर ७,९९० डॉलरचं. जुन्या पद्धतीने ३,९९५ डॉलर आधी भरावे लागले असते. उरलेले तेवढेच ६ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना सुमारे ७७ डॉलर. नव्या पद्धतीने संपूर्ण ७,९९० डॉलर ४ टक्क्यांनी पंचवीस वर्षांत फेडायचे, तर मुद्दल-व्याजाचा हप्ता सुमारे ४२ डॉलर आणि आगाऊ भरणा शून्य. प्रत्यक्षात जाहिरातीत महिना ५८ डॉलर सांगितले जात. त्यात घरपट्टी आणि विम्याचा हिस्साही येतो.

बांधणाऱ्यालाही हीच हमी उपयोगी पडली. जमीन साफ करण्याआधीच लेव्हिटकडे ४,००० घरांच्या कर्जासाठी एफएचएची मंजुरी होती. ती दाखवून बांधकामासाठी लागणारं भांडवल उचलता आलं. स्वस्त घराचं श्रेय बहुतेक जण लेव्हिटच्या बांधकामाला देतात. आमच्या मते अर्धं श्रेय या हमीचं आहे. मात्र कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हेही याच कागदांनी ठरवलं (प्रश्न १८).

६. पहिली घरं भाड्याने दिली होती असं वाचलं. मग मालकी कधी आली?

हो. ७ मे १९४७ ला २,००० घरांची घोषणा झाली ती फक्त माजी सैनिकांसाठी आणि फक्त भाड्याने, महिना ६० डॉलर. दोन दिवसांत निम्मी घरं गेली. १ ऑक्टोबर १९४७ ला पहिली कुटुंबं राहायला आली. भाडेकरूंना पुढे तेच घर विकत घेण्याची मुभा होती.

मार्च १९४९ मध्ये कंपनीने भाडं बंद करून नव्या नमुन्याची घरं थेट विकायला काढली. ९० डॉलर अनामत आणि महिना ५८. ६० डॉलर भाडं देणाऱ्या माणसाला मालकी भाड्यापेक्षा स्वस्त पडत होती. विक्री कचेरीसमोर लोक थंडीत रात्रंदिवस रांग लावून बसले, त्यामागे हे साधं गणित होतं.

७. घर किती मोठं होतं? आत काय काय मिळायचं?

१९४७ चं 'केप कॉड' नमुन्याचं घर २५ बाय ३० फूट, म्हणजे ७५० चौरस फूट. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या, एक न्हाणीघर, आणि वर अपुरा सोडलेला पोटमाळा. प्लॉट ६० बाय १०० फूट. घराने प्लॉटचा जेमतेम आठवा भाग व्यापला होता. ही मोकळी जागा आणि तो पोटमाळा हाच नकाशातला सगळ्यात शहाणा भाग. कुटुंब वाढेल तसं घर वाढवता येईल, हे सुरुवातीलाच धरलेलं होतं.

शेगडी, फ्रिज आणि बेंडिक्सचं कपडे धुण्याचं यंत्र किमतीत धरलेलं असे. ही यंत्रं घराबरोबर तारणात गेल्यामुळे त्यांचेही पैसे पंचवीस-तीस वर्षांच्या हप्त्यांत विभागले जात.

१९४९ चं 'रँच' घर ३२ बाय २५ फूट, ८०० चौरस फूट. यात बैठकीची खोली रस्त्याकडून उचलून मागच्या अंगणाकडे नेली आणि तिला जमिनीपासून छतापर्यंत दुहेरी काच लावली. स्वयंपाकघर पुढेच राहिलं. १९५० च्या नमुन्यात जिन्याखालच्या भिंतीत साडेबारा इंची ॲडमिरल टीव्हीसुद्धा बसवलेला होता.

८. तळघर का नाही? थंड प्रदेशात तर ते लागतंच ना?

त्या भागात पाया गोठणरेषेखाली, म्हणजे हिवाळ्यात माती जिथवर गोठते त्याच्या खाली, न्यावा लागतो, म्हणजे माती खोदावीच लागते. मग थोडी आणखी खोदून तळघर करायची रूढी होती. घर गरम ठेवणारा बॉयलर आणि कोळसा तिथेच ठेवत. लेव्हिटाउनचा बराचसा भाग ज्यात येतो त्या हेम्पस्टेड टाउनच्या बांधकाम नियमावलीत तळघर सक्तीचं होतं, म्हणून थेट जमिनीवर टाकलेल्या काँक्रीट स्लॅबवरचं घर बेकायदा ठरत होतं.

मे १९४७ मध्ये नियम बदलण्यासाठी नगर मंडळाची सुनावणी झाली. 'न्यूजडे' या स्थानिक दैनिकाने बाजू लावून धरली होती, आणि सभागृह माजी सैनिकांनी भरून गेलं होतं. नियम बदलला. तळघर गेल्याने खोदाई, भिंती आणि जलरोधनाचा खर्च वाचला. मुख्य म्हणजे वेळ वाचला, कारण पाऊस-बर्फात खड्डे उघडे ठेवून थांबावं लागत नव्हतं. बॉयलर स्वयंपाकघरात आला आणि गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या थेट स्लॅबमध्ये पुरल्या गेल्या. त्याचा पुढे काय त्रास झाला ते प्रश्न १२ मध्ये आहे.

९. दिवसाला तीस घरं बांधायचे म्हणतात. हे शक्य कसं होतं?

१९४८ च्या मध्यापर्यंत तो वेग गाठला होता, हे खरं. कारखान्यात माल पट्ट्यावरून सरकतो आणि कामगार जागेवर उभा असतो. इथे घर हलवता येत नाही, म्हणून कामगारांच्या टोळ्या सरकत होत्या.

अख्खं घर २७ टप्प्यांत विभागलेलं होतं. पहिला पायाचा, शेवटचा घर झाडून देण्याचा. पुढे रस्ता, मग चर खणणारं यंत्र, मग नळ जोडणारे, मग स्लॅब ओतणारे. स्लॅब सुकला की ट्रक दर ६० फुटांवर, म्हणजे प्रत्येक प्लॉटवर, एकसारखी गठडी टाकत जायचा: मापात कापलेलं लाकूड, खिडक्या, नळ, छपराचे तुकडे, खिळेसुद्धा. सुतारांना साइटवर करवत फार चालवावीच लागत नसे. त्यामागून भिंतींचे सांगाडे उभे करणारे, छपरवाले, फरशीवाले. रंगाऱ्यांतही एक टोळी फक्त पांढरा रंग देणार, दुसरी फक्त लाल.

लाकूड रेल्वेने येऊन कापणी आवारातच उतरायचं. तिथे एक माणूस दिवसाला दहा घरांचे तुकडे कापत असे. गिलाव्याऐवजी जिप्समचे तयार बोर्ड ठोकले जात, कारण गिलावा सुकायला दिवस जातात आणि त्या दिवसांत मागची प्रत्येक टोळी अडते. ब्रशऐवजी फवाऱ्याने रंग, हाही त्याच कारणाने.

या पद्धतीचा नाजूक भाग म्हणजे पुरवठा. एक ट्रक चुकला तर एक घर थांबत नाही, मागच्या सगळ्या टोळ्या थांबतात. युद्धानंतर लाकूड आणि खिळे दोन्ही मिळणं कठीण होतं. त्यामुळे लेव्हिटने कॅलिफोर्नियात स्वतःचं लाकूड कापलं, खिळे स्वतः पाडले, 'नॉर्थ शोअर सप्लाय' ही स्वतःचीच पुरवठा कंपनी ठेवली आणि घरगुती यंत्रं मधल्या व्यापाऱ्याला टाळून थेट कारखान्यातून घेतली. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सुमारे १,५०० डॉलरने स्वस्त विकूनही घरामागे १,००० डॉलरच्या आसपास नफा उरत होता, तो इथून.

१०. म्हणजे ही प्रीफॅब घरं होती का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. प्रीफॅब म्हणजे भिंती किंवा अख्ख्या खोल्या कारखान्यात बनवून आणणं. लेव्हिटाउनमध्ये लाकूड मापात कापून यायचं, घर मात्र जागेवरच जोडलं जायचं.

खरी कारखान्यातली घरं बघायची तर ओहायोतल्या कोलंबसची लस्ट्रॉन कंपनी पाहा. एनॅमलचा थर दिलेल्या पोलादी पत्र्यांची घरं ती बनवत होती. तिला कोट्यवधी डॉलरचं सरकारी कर्ज मिळालं आणि १९५० मध्ये ती दिवाळखोर झाली. तोवर सुमारे अडीच हजार घरं झाली होती. कारखान्याचा अवाढव्य स्थिर खर्च निघायला रोज प्रचंड विक्री हवी, शिवाय वाहतूक आणि गावोगावच्या वेगळ्या नियमावल्या. लेव्हिटने तेवढं भांडवल यंत्रांत अडकवलंच नाही.

ब्रिटनमध्ये सरकारनेच १९४४ च्या तात्पुरत्या निवाऱ्याच्या कायद्याखाली १,५६,६२३ प्रीफॅब घरं उभारली. ती दहा-पंधरा वर्षांसाठी होती, पण बरीच त्याहून कितीतरी जास्त टिकली.

११. कामगार संघटनांनी हे चालू कसं दिलं?

चालू दिलं नाही. निदर्शनं झाली, पण काम थांबलं नाही. लेव्हिट संघटनांशी करार करत नसे. फवाऱ्याने रंग देणं, तयार बोर्ड ठोकणं या गोष्टींना संघटनांचा विरोध होता, कारण त्यात कसबी कारागिराची गरज कमी होते. लेव्हिटचं बरंच काम अशा उपकंत्राटदारांकडून होत असे, जे फक्त त्याच्याचसाठी काम करत. मजुरी कामाच्या नगावर. चांगल्या हाताच्या माणसाला तासाच्या दरापेक्षा जास्त मिळायचं, पण सुतार म्हणून पुढे नेता येईल असं शिक्षण त्यातून मिळत नसे. स्वस्त घराच्या हिशेबात हा खर्च कुठे दिसत नाही, तो मोजायला हवा.

१२. जमिनीत पुरलेल्या गरम पाण्याच्या नळ्या किती टिकल्या? आमच्या घरात अजून आहेत.

कित्येक घरांत काही दशकांतच गळती सुरू झाली. काँक्रीट थोडं हलतं, तडकतं. तांबं त्याबरोबर ताणलं जातं आणि जोडाशी किंवा गंज चढलेल्या जागी भोक पडतं. लक्षणं तीन: बॉयलरमधला दाब पुन्हा पुन्हा उतरतो, पाण्याचं बिल वाढतं, फरशीचा एखादाच भाग विनाकारण जास्त गरम किंवा दमट लागतो.

एकच गळती असेल तर जागा शोधून तेवढा स्लॅब फोडून नळी जोडता येते. पण एक फुटली की तेवढ्याच वयाच्या बाकीच्याही फुटण्याची शक्यता धरावी. म्हणून बहुतेकांनी जुन्या नळ्या बंद करून भिंतीच्या कडेने रेडिएटर बसवले आणि ते बॉयलरलाच जोडले. हाच मार्ग आम्हाला जास्त सुरक्षित वाटतो. नळ्या चालू असतील तर एक पथ्य पाळा: फरशी बदलताना स्लॅबमध्ये ड्रिल मारायच्या आधी त्या कुठून गेल्यात ते उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने पाहून घ्या.

१३. रस्ते, शाळा, मैलापाणी यांचंही नियोजन होतं का?

अर्धंमुर्धं. रस्ते वळणावळणाचे, थेट धावणारी वाहनं आत शिरू नयेत असे. सात 'व्हिलेज ग्रीन', म्हणजे दुकानं आणि खेळाची जागा असलेली छोटी केंद्रं, आणि नऊ पोहण्याचे तलाव कंपनीने दिले. दर २८ फुटांवर झाड लावण्याचा एब्राहम लेव्हिटचा आग्रह होता, आणि प्रत्येक अंगणात फळझाडंही दिली जात.

मैलापाण्यासाठी मात्र सामाईक गटार नव्हतं, प्रत्येक घरामागे शोषखड्डा. हजारो घरांचे शोषखड्डे एकाच सपाट वाळवट जमिनीत आणि त्याच जमिनीखालून पिण्याचं पाणी, ही गंभीर चूक होती. मैलावाहिन्या काही दशकांनी आल्या. पेनसिल्व्हेनियात कंपनीने त्या सुरुवातीपासून घातल्या, आणि वस्तीचे भाग पाडताना मध्यभागी प्राथमिक शाळेची जागा राखली.

न्यूयॉर्कमध्ये शाळांचा भार रहिवाशांवर पडला. लेव्हिटाउन ही स्वतंत्र नगरपालिका कधीच नव्हती. बराचसा भाग हेम्पस्टेड टाउनमध्ये, काही ऑयस्टर बेमध्ये, आणि शाळांचे जिल्हे आणखी वेगळे. वस्तीत कर भरणारा मोठा कारखाना नाही आणि प्रत्येक घरात शाळेच्या वयाची मुलं, म्हणजे शाळेचा सगळा खर्च घरपट्टीतून. हप्ता ठरलेला राहिला तरी घरपट्टी चढत गेली. आखीव वसाहतीचा हिशेब करताना लोक हीच बाब सर्वाधिक विसरतात.

१४. कुंपण घालायला आणि कपडे वाळत घालायला बंदी होती, हे खरं?

करारात होतं. कुंपण नको. कपडे फक्त मागच्या अंगणात छत्रीसारख्या उघडणाऱ्या स्टँडवर, तेही शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी नाही. हिरवळ आठवड्यातून एकदा कापायची; नाही कापली तर कंपनीची माणसं कापून बिल पाठवत. कंपनीचं वसाहतीतलं लक्ष कमी झालं तसे हे नियम मोडत गेले. आज तिथे कुंपणं सर्रास दिसतात.

१५. आखीव उपनगर ही कल्पना लेव्हिटचीच का?

नाही. शिकागोजवळचं रिव्हरसाइड १८६९ मध्ये आखलं गेलं. न्यू जर्सीचं रॅडबर्न १९२९ चं. गाड्या आणि पादचारी वेगळे ठेवण्याचा मोठा प्रयोग तिथे झाला. मेरीलँडमधलं ग्रीनबेल्ट १९३७ मध्ये सरकारनेच वसवलं. युद्धानंतर इलिनॉयचं पार्क फॉरेस्ट आणि कॅलिफोर्नियाचं लेकवुड ही लेव्हिटाउनचीच समकालीन, आणि लेकवुडमध्ये तर तीन वर्षांत सुमारे १७,५०० घरं झाली. ब्रिटनने वेगळी वाट धरली: १९४६ चा नवनगर कायदा आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहीर झालेलं पहिलं नवनगर स्टीव्हनेज. तिथे जमीन, घरं आणि भाडं सगळं सरकारी महामंडळाच्या हाती होतं.

१६. ही घरं दहा वर्षांत झोपडपट्टी होणार असं भाकीत होतं. झालं का तसं?

नाही. कारण प्रश्न ७ मध्ये आलं आहे: वाढायला जागा होती. पोटमाळ्यात खोल्या निघाल्या, छपराला नव्या खिडक्या आल्या, मागे खोली, बाजूला गॅरेज. आज मूळ स्थितीतलं घर शोधावं लागतं.

तुमच्या घराचा मूळ नमुना ओळखायचा असेल तर आधी नोंदीतलं बांधकाम वर्ष बघा: १९४७-४८ असेल तर केप कॉड, १९४९ पासून पुढे रँच. नोंद मिळाली नाही तर मूळ स्लॅबच्या कडा शोधा. २५ बाय ३० की ३२ बाय २५? आणि बैठकीची खोली रस्त्याकडे असेल तर केप कॉड, मागच्या अंगणाकडे असेल तर रँच. दारं-खिडक्यांवरून ओळखायला जाऊ नका, ती सगळ्यांनीच बदललीत.

१७. आपल्याकडे युद्धानंतर असं काही झालं का?

झालं, पण पैसा आणि मालकी यांची रचना निराळी होती. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरभाडी भडकली, तेव्हा १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. बीडीडी चाळी त्याच. खोली साधारण १६० चौरस फुटांची, एका इमारतीत ८० खोल्या. इथे सरकारच बांधणारं आणि सरकारच घरमालक. भाडेकरूला मालक करणारं कर्ज या योजनेत नव्हतंच, आणि वाढवायला अंगणही नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाशी थेट जोडलेलं उदाहरण म्हणजे उल्हासनगर. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथले लोक आजही भाग सांगताना 'कॅम्प नंबर' सांगतात. लेव्हिटाउनमध्ये आराखडा आधी आणि माणसं नंतर आली. उल्हासनगरात माणसं आधी आली. म्हणून दोन्हींची सरळ तुलना करू नये, असं आमचं मत आहे.

१८. कृष्णवर्णीय माजी सैनिकांना इथे घर का मिळत नव्हतं? त्यांनाही जीआय बिल लागू होतंच ना?

कायद्याच्या मजकुरात लागू होतं. पण हमी सरकारची असली तरी कर्ज खासगी बँक देणार आणि घर खासगी बिल्डर विकणार. दोघेही नाकारू शकत होते.

लेव्हिटच्या पहिल्या भाडेकरारातलं २५वं कलम उघड होतं: कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाबाहेरच्या कुणालाही घर वापरू किंवा त्यात राहू द्यायचं नाही, घरकामाच्या नोकरांचा अपवाद. हे एका बिल्डरचं खासगी खूळ होतं असं मानणं चूक आहे. वंशाने मिसळलेली वस्ती म्हणजे धोक्याचं कर्ज, असं एफएचएच्या मूल्यांकनाच्या नियमांतच होतं आणि अशी कलमं घालायला प्रोत्साहन दिलं जात होतं. ज्या हमीने हजारो गोऱ्या कुटुंबांना ४ टक्क्यांनी घर दिलं, तिच्याच अटींनी कृष्णवर्णीय कुटुंबांना दाराबाहेर ठेवलं. बाहेर राहिलेल्यांचं नुकसान त्या एका घरापुरतं नव्हतं. घराची किंमत वाढत गेली तसं पुढच्या पिढीला जे भांडवल मिळालं, तेही त्यांना मिळालं नाही.

१९. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं रद्द केली ना? मग पुढे काय अडलं?

मे १९४८ च्या 'शेली विरुद्ध क्रेमर' निकालाने ती रद्द झाली नाहीत. न्यायालयं त्यांची अंमलबजावणी करून देणार नाहीत, एवढंच ठरलं. एफएचएने फेब्रुवारी १९५० नंतर नोंदवलेल्या अशा कलमांच्या घरांना विमा नाकारायचं धोरण घेतलं. लेव्हिटने कलम काढलं आणि विक्री मात्र गोऱ्यांनाच चालू ठेवली. कृष्णवर्णीयांना घर विकलं तर गोरे ग्राहक येणार नाहीत, असं विल्यम लेव्हिटचं समर्थन होतं.

वाट निघाली ती पुनर्विक्रीतून, कारण पहिला मालक कुणाला विकतो यावर कंपनीचा ताबा नव्हता. ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य असंच घर घेऊन पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटाउनमध्ये राहायला आलं. घरासमोर शेकडोंचा जमाव, दगडफेक, अनेक आठवडे छळ. राज्य पोलीस आणावे लागले आणि छळ करणाऱ्यांवर न्यायालयाचा मनाई हुकूम घ्यावा लागला. मायर्स कुटुंब या छळापुढे हटलं नाही.

न्यू जर्सीत राज्याचा भेदभावविरोधी कायदा होता. एफएचएची मदत घेतलेली वसाहत ही सार्वजनिक मदतीची वसाहत ठरते, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिला आणि कंपनीला विक्री खुली करावी लागली. न्यूयॉर्कमध्ये परिणाम फार काळ टिकला: १९९० च्या जनगणनेत तिथल्या ५३,२८६ रहिवाशांपैकी कृष्णवर्णीय १३७ होते.

२०. आम्ही घेत असलेल्या घराच्या जुन्या कागदात असं कलम दिसलं. व्यवहारावर परिणाम होईल का?

मालकी हस्तांतरावर होत नाही. १९४८ पासून अशा कलमाची अंमलबजावणी न्यायालयातून होत नाही, आणि १९६८ च्या संघीय समान गृहनिर्माण कायद्याने वंशावरून विक्री नाकारणंच बेकायदा केलं. कलम लागू होत नसलं तरी नोंदीत छापील उरतं, कारण जुनं नोंदलेलं खरेदीखत कुणी पुसत नाही.

एक काळजी घ्या. त्याच कागदात इतर अटीही असतात: रस्त्यापासून घराचं अंतर, सोयी-वाहिन्यांसाठी राखलेली पट्टी, बांधकामाची मर्यादा. त्या वंशाच्या कलमाबरोबर आपोआप संपत नाहीत. म्हणून वकिलाला किंवा टायटल कंपनीला, म्हणजे मालकीहक्क तपासणाऱ्या कंपनीला, संपूर्ण खत वाचायला द्या आणि कोणती अट आजही लागू आहे ते लेखी घ्या. वंशाचं कलम नोंदीतून काढण्याची किंवा ते अमान्य असल्याची नोंद जोडण्याची सोय काही राज्यांनी केली आहे. तुमच्या काउंटी क्लार्कच्या कचेरीत चौकशी करा. मूळ खताची एक प्रत मात्र स्वतःजवळ ठेवा.